सुतळीसाहेब आणि मेंदीचं कुंपण

सुतळीसाहेबांना वाकडं काही दिसलं की तोंडावर सांगितल्याशिवाय राहवत नसे. माझ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत त्यांनी ऐकवलं, "भाऊ, डावा खांदा उतरला तुमचा. बाईनं लई ओझं लादलं वाटते!" घुग्घुसच्या खाणीतून निवृत्त झालेले हे ओव्हरसिअर आमचे शेजारी. खिशात कायम सुतळीचं भेंडोळं, म्हणून ते नाव.

दोन खुंट्या, मधे ताणलेली सुतळी आणि मोठी कात्री. एवढ्यावर त्यांनी पुरुषभर उंच मेंदी रेघेसारखी सरळ ठेवली होती. कोळशाच्या ट्रकांच्या धुळीनं ती काळी पडे, पण सरळ. "वरून बारीक, खाली रुंद छाटा, बुडाले ऊन लागलं पाह्यजे," हे त्यांनी मला शिकवलं. मी अजूनही तसंच छाटते.

त्या कुंपणाआड त्यांच्या पत्नी शांताबाई दिवस काढत. माझ्याशी दोन शब्द बोलल्या की आतून हाक येई, "काऊन वो, रस्त्याले तमाशा दाखवून राह्यली का?" एकदा त्या विटांवर उभ्या राहून बोलल्या. साहेबांनी विटा उचलून नेल्या आणि मेंदी आणखी वीतभर वाढू दिली. खाणीत पाळीला मोटरसायकलवरून जाणारी माणसंही सुटत नसत. फाटकाशी उभे राहून साहेब एकेकाच्या चालीची, पोटाची, टकलाची नक्कल करत.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. फाटक कायमचं बंद झालं. मला बोलावून म्हणाले, "बाई, मले असं कोणी पाह्यलं नाई पाह्यजे. मेंदी छाटली नाई तं विरळ होते. तुमाले खरेदीतलं कळते, छाटाचं मशीन पाहा."

साहेब, शांताबाई आणि मी चंद्रपूरला गेलो. साहेब गाडीतच बसले, काचा वर करून. दुकानदार एकेक मशीन खिडकीशी आणून दाखवत होता. पेट्रोलचं जड, शिवाय त्याचा धूर. वायरचं स्वस्त, पण वायरच पात्यात सापडायची भीती. मी बॅटरीचं सुचवलं. हलकं, आवाज कमी, आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय पातं फिरत नाही.

"दोन हात लागतात, काका. चालवणार कोण?" दुकानदारानं विचारलं.

"हे," साहेबांनी हनुवटीनं बायकोकडे दाखवलं. "हिले कोथिंबीर सरळ चिरता येत नाई. पण सुतळीवर चालवाले अक्कल लागत नाई."

शांताबाईंनी मशीन खांद्यापर्यंत उचलून पाहिलं. "मले झेपते," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब ओट्यावर खुर्चीत बसले. शांताबाईंनी खुंट्यांना सुतळी बांधली, ती कमरेच्या उंचीवर.

"वर घे! वर घे न!" साहेब जड जिभेनं ओरडले.

"मशीनच्या आवाजात काई आयकू येत नाई जी," त्या म्हणाल्या. मशीन अजून सुरूही झालं नव्हतं.

कोवळ्या फांद्या भराभर पडल्या. अंगठ्याएवढ्या खोडांवर पातं अडलं, तेव्हा त्यांनी कोयता घेतला. दुपारी पाळी सुटेपर्यंत रस्त्यावरून सगळा ओटा उघडा दिसू लागला. मोटरसायकली हळू झाल्या. एकानं पाय टेकवून विचारलं, "काय साहेब, सुतळी लावून तोंड सरळ करू का तुमचं?" मागचे खो खो हसले.

साहेबांनी धडधाकट हातानं तोंड झाकलं. "शांते, मले आत ने."

"कचरा भरून होऊ द्या," त्या म्हणाल्या आणि टोपलं घेऊन माझ्या बाजूला आल्या. कमरेएवढ्या मेंदीवर हात ठेवून त्यांनी माझ्या लेकीच्या लग्नाची चौकशी केली. मग माहेरचं काढलं. कितीतरी वेळ बोलत होत्या. हाका दोघींनाही ऐकू येत होत्या.

मेंदीला पुन्हा पालवी फुटायच्या आत साहेब गेले. तोवर रोज पाळी सुटायच्या वेळी शांताबाई त्यांना हात धरून ओट्यावर आणत, खुर्चीत नीट बसवत, आणि खुर्ची रस्त्याकडे वळवून ठेवत.