आल्याची बिअर आणि उषाताई

उषाताईंच्या नंबरवरून मेसेज आला, म्हणून मी हसतच फोन उघडला होता. आमच्या ‘फसफस’ नावाच्या ग्रुपवर त्यांचे मेसेज म्हणजे बहुतेक वेळा बुडबुड्यांचे फोटो. बरणीच्या तोंडाशी जमलेला फेस, बाटलीच्या गळ्याशी अडलेला आल्याचा कीस आणि खाली एक ओळ, ‘आज जागी झाली बाईसाहेब.’ त्या दिवशी फोटो नव्हता. ‘उषा आज सकाळी गेली. पुण्यात, लेकीच्या घरी. त्रास फार झाला नाही. तुम्हा सगळ्यांना कळवायला तिने सांगून ठेवले होते. विनायक.’ मी मस्कतच्या कुरुम भागातल्या आमच्या ऑफिसात होते, जेवणाचा डबा नुकताच बंद केला होता. ग्रुपमधल्या फ्रान्सिसला फोन लावला. त्याने उचलला. पलीकडे त्याच्या गॅरेजमधला कंप्रेसर सुरू होता, तोच आम्ही दोघं ऐकत राहिलो...

आता महिना उलटून गेलाय. ग्रुप तसाच आहे, कुणी सोडला नाही, कुणी काही लिहीतही नाही.

उषाताई मूळच्या चिपळूणच्या. लग्न होऊन मस्कतला आल्या आणि वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा सगळा संसार झाला. शाळेत केमिस्ट्री शिकवायच्या. आमची ओळख झाली ती मात्र त्या निवृत्त झाल्यावर, मराठी मंडळाच्या आनंदमेळ्यात. भेळ, साबुदाणा वडा, खरवस अशा टेबलांच्या रांगेत शेवटी एक टेबल होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत पाटी, ‘आल्याची बिअर’. टेबलाशेजारी एक उंच, गंभीर गृहस्थ पाटीतल्या ‘बिअर’ या शब्दावर हात ठेवून उभे होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांचं हलक्या आवाजात चाललं होतं, “अगं, सोडा म्हण. सरबत म्हण. कुणी ऐकलं तर काय म्हणेल?” आणि उषाताई पेले पुसत म्हणत होत्या, “अहो, जगभर तिला हेच म्हणतात. बारसं मी नाही केलेलं. हात काढा, गिऱ्हाईक आलंय.”

ते विनायकराव, उषाताईंचे यजमान. एका बांधकाम कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे. साठी उलटल्यावरही अर्बाबने, म्हणजे मालकाने, त्यांना सोडलं नव्हतं, कारण कुठला बोल्ट कुठल्या खोक्यात आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नसे. माणूस अबोल. दिवसाकाठी जेवढी वाक्यं लागतील तेवढीच बोलणारा.

मी पेला तोंडाला लावला आणि ठसका लागला. आधी आल्याचा झटका, मग लिंबू, आणि गोडवा येतोय येतोय म्हणेपर्यंत नाकात गेलेला फेस. उषाताई माझ्याकडे बघत होत्या. “कशी आहे?” मी म्हटलं, “छान.” त्यांनी मान हलवली. “छान हे उत्तर नाही. काय लागलं ते सांग.” मी विचार करून म्हटलं, “लहानपणी सर्दी झाली की आजी काढा द्यायची, तो जत्रेला निघाल्यासारखा.” त्या जोरात हसल्या आणि म्हणाल्या, “शुक्रवारी घरी ये. विरजण देते.”

त्या विरजणच म्हणायच्या. किसलेलं आलं, साखर आणि पाणी एका बरणीत घालून ठेवायचं, रोज थोडं आलं, थोडी साखर घालत राहायची. चारपाच दिवसांत आल्याच्या सालीवरचे जीव जागे होतात आणि बरणी कुजबुजायला लागते. मग आल्याचा काढा करायचा, साखर विरघळवायची, गार झाला की लिंबू पिळायचं, त्यात हे विरजण गाळून घालायचं आणि बाटल्या भरायच्या. एवढंच. पण मस्कतच्या उन्हाळ्यात ‘गार झाला की’ हे शब्द सोपे नसतात. नळाचं पाणीसुद्धा हात पोळेल असं येतं. शास्त्र उषाताईंना पाठ होतं, उन्हाळा मात्र त्यांना एकदा शिकवून गेला. काचेच्या बाटल्या त्यांनी कपड्यांच्या कपाटात ठेवल्या आणि दुपारी एकामागून एक तीन फुटल्या. शेजारचं मलयाळी कुटुंब जिन्यात धावत आलं, सिलिंडर फुटला असं वाटून. विनायकरावांच्या ऑफिसच्या पँटला आठवडाभर आल्याचा वास येत होता. त्यांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन आले आणि स्वयंपाकघरात ठेवून म्हणाले, “या फुगतात. फुटायच्या आधी सांगतात तरी.”

फ्रान्सिस म्हापशाचा, वादी कबीरमध्येच गाड्यांच्या गॅरेजचा सुपरवायझर. पूर्वी गोव्यात असताना तो मित्रांबरोबर खरीखुरी बिअर करायचा, जवाला मोड आणून, भाजून, सगळं रीतसर. इथे घरी दारू करणं कायद्यात बसत नाही, आणि उषाताईंच्या बाबतीत तर तो विषयच नव्हता. फसफसणारी पेयं, तीही कोवळी असतानाच फ्रीजमध्ये जाणारी, एवढीच त्यांची मर्यादा. फ्रान्सिस म्हणायचा, “बाई, तुमची बिअर चर्चमधल्या पोरांना पाजता येईल,” आणि त्या म्हणायच्या, “म्हणूनच ती जास्त कठीण.” चौथी मौझा, इथलीच, ओमानी. मस्कतबाहेर बरक्याजवळ तिच्या वडिलांचं शेत. लिंबं, खजूर, थोडी केळी. रस्त्याकडेला लिंबं घ्यायला थांबलेल्या उषाताईंनी तिला ‘याची साल जाड का झाली’ असं विचारलं आणि दोघी तासभर मोडक्या हिंदीत बोलत बसल्या. तेव्हापासूनची मैत्री. मौझासाठी उषाताई नेहमी एक बाटली वेगळी आणायच्या, विरजण घालण्याआधीच्या नुसत्या काढ्याची. तिने कधी मागितली नव्हती, या कधी विसरल्या नाहीत.

थंडी सुरू झाली की महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही त्या शेतावर जमायचो. प्रत्येकाने आपापलं काही आणायचं. अननसाच्या सालींचं, कोकमाचं, एकदा फ्रान्सिसने फणसाच्या गऱ्यांचं केलं होतं, त्याचा वास अजून माझ्या गाडीतून गेलेला नाही. कृती एकमेकांना द्यायची, पण अट एकच. दुसऱ्याच्या कृतीत काही बदललं तर सांगायचं. “बदला खुशाल,” उषाताई म्हणायच्या, “पण लपवू नका. लपवलं की दुसऱ्याला शिकता येत नाही.” विनायकराव गाडी सावलीत लावून खजुराच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. वर्तमानपत्र वाचायचे, आणि निघताना रिकाम्या बाटल्या मोजून डिकीत ठेवायचे.

मग उषाताईंच्या मानेशी गाठ आली. पुण्यात ऑपरेशन झालं, त्यानंतर किरणं दिली. सहासात महिन्यांनी त्या परत आल्या त्या स्कार्फ बांधून, निम्म्या वजनाने, पण विमानतळावरून घरी जाताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, “कोण काय करतंय?” पुढच्या शुक्रवारी त्या बरक्याला आल्या. नवीन प्रयोग होता, सुकवलेल्या काळ्या लिंबांचा, इथे लूमी म्हणतात त्याचा. किसलेल्या आल्यासोबत रात्रभर भिजवलेली लूमी. पेले भरले. मी एक घोट घेतला आणि जीभ आक्रसली. इतकं कडू मी आयुष्यात काही प्यायले नव्हते. फ्रान्सिसकडे पाहिलं, त्याने पेला नाकापाशीच धरून ठेवला होता. उषाताई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. स्वतः त्यांचा पेला अर्धा संपला होता, शांतपणे.

आम्ही दोघं शब्द शोधत होतो, तेवढ्यात मौझाने आपला काढ्याचा पेला खाली ठेवला. “उषा, ये मुर्र है,” ती म्हणाली. मग आम्हाला समजावं म्हणून तिने तोंड वाकडं केलं. “बहोत कडवा. तुमको मालूम नहीं?”

उषाताईंनी पेल्यात पाहिलं. “नाही गं,” त्या म्हणाल्या. मराठीतच, मौझाला. “मला काहीच लागत नाही. किरणं दिल्यापासून... आमटी काय, पाणी काय, सगळं कोमट फडकं चोखल्यासारखं. वाटलं होतं, हात तरी चुकणार नाही.” आणि ज्या बाईला मी ऑपरेशनला जाताना हसताना पाहिलं होतं ती शेतातल्या त्या मोडक्या बाकावर बसून रडली. मौझाला शब्द कळले नसावेत. तिने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि लहान मुलाला थोपटतात तसं थोपटत राहिली. विनायकराव उठून जवळ आले. त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं.

परतीच्या वाटेवर फ्रान्सिस माझ्या गाडीत होता. तो म्हणाला, “आता ती सोडून देणार बघ.” मलाही तसंच वाटत होतं. ज्याला सूर ऐकू येत नाही त्याने पेटी का उघडावी?

पण आठवडा झाला नाही तर त्यांचा फोन. “मेधा, तुला वेळ आहे का? तीन बाटल्या केल्यात. तिन्ही वेगळ्या. तू चाखायचं आणि मला सांगायचं. छान, बरी, ठीक हे शब्द बंद.” मी गेले. त्या समोर बसल्या, हनुवटीखाली हात घेऊन. पहिला घोट घेऊन मी म्हटलं, “आलं आहे.” “आलं आहे ते मलाही माहीत आहे, मीच घातलंय. कुठे आहे? पुढे की मागे?” “मागे. घशात.” “आणि लिंबू?” “लिंबू... पटकन येऊन जातं. पाहुणा चप्पल न काढता दारातूनच परत जावा तसं.” त्यांचा चेहरा उजळला. “मग सालीसकट घालायला हवं. थांबेल.”

अशी आमची नवीन रीत सुरू झाली. त्यांनी करायचं, आम्ही जीभ द्यायची. सुरुवातीला आम्हाला जमेना. आपण रोज खातो-पितो, पण काय लागतं ते सांगायची वेळ कुणावर येते? फ्रान्सिस सगळं गाड्यांच्या भाषेत सांगायचा, “पिकअप चांगला आहे, पण वर चढताना दमते.” उषाताईंना ते बरोबर कळायचं. साखर वाढवायच्या. मौझा एकदा म्हणाली, “ये बारिश के बाद जैसा,” आणि त्यांनी तिला दहा प्रश्न विचारले. मातीचा वास का, पानांचा का, ओल्या दगडाचा का? शेवटी निघालं ते असं की वादीतून, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या पात्रातून, पूर येऊन गेल्यावर तळाशी जो गार वास राहतो, तो. त्या बाटलीत त्यांनी पुदिन्याचं देठ टाकलं होतं.

आम्हा तिघांच्या शब्दांवरून, स्वतःला एक थेंबही न लागता, त्या बाईंनी जी शेवटची आल्याची बिअर केली, तशी त्यांनी चव शाबूत असतानाही कधी केली नव्हती. हे मी मायेने म्हणत नाही. ती बाटली उघडली तेव्हा फ्रान्सिस पेला संपवून म्हणाला, “बाई, हिला काही सांगायची गरज नाही.” त्या म्हणाल्या, “मला आहे ना. सांग.”

असे दोन हिवाळे गेले आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दुखणं उलटलं. विनायकरावांनी रजा घेतली आणि दोघं पुण्याला गेले. विमानतळावर मला त्या म्हणाल्या, “बरणीला घालत राहा,” बस. कुठलाही मोठा निरोप नाही.

विनायकराव परवा एकटेच परत आले, घर आवरायला. कंपनीने त्यांचं खलास केलंय, म्हणजे नोकरी संपवून हिशेब दिलाय, तेही त्यांनीच मागितलं म्हणून. आता लेकीकडे कायमचे जाणार. मी मदतीला गेले. सकाळभर आम्ही खोकी भरली, फारसं न बोलता. दुपारी ते म्हणाले, “वरणभात केलाय. बस.” जेवणाचं टेबल विकलं गेलं होतं. खाली वर्तमानपत्रं अंथरून आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी भात कालवला, पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि समोर कुठेतरी बघत, अगदी संथ आवाजात बोलू लागले, “हिंग जरा पुढे आलाय. मीठ बेताचं. डाळ शिजलीय, पण तळाशी किंचित लागली असावी, धुरकट येतंय. लिंबू इथलं, म्हणून शेवटी कडसर...”

मी हात थांबवून त्यांच्याकडे पाहत होते. त्यांच्या लक्षात आलं. ते ओशाळले, पाण्याचा पेला उगाच सरकवला.

“सवय,” ते म्हणाले. “रोज दोन्ही वेळा सांगायचो तिला. ती जेवायची नाही नाहीतर. म्हणायची, तुम्ही सांगितलंत की घास उतरतो.” त्यांनी भात पुन्हा कालवला. “आता एकटा जेवतो तरी तोंडातून निघतंच.”

दिवसाकाठी मोजकी वाक्यं बोलणारा हा माणूस. दोन वर्षं, दोन्ही वेळा...

मी माझा भात कालवला. वरून तूप घेतलं. एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि जमेल तितकं नीट सांगितलं, “तुपाचा वास आधी येतो. मग डाळीचा गोडवा. हिंग पुढे नाहीये, बरोबर जागेवर आहे.”

विनायकरावांनी मान हलवली. आणखी एक घास घेतला, जरा वेळ विचार केला.

“हो,” ते म्हणाले. “तुपाचं सांगायचं राहिलं होतं.”