भावाच्या झोपेची वही

माझा धाकटा भाऊ रेल्वेत लोको पायलट आहे, आणि आमच्या बडनेऱ्याच्या घरात त्याच्या झोपेची एक वही आहे. साधी दोनशे पानी. आईने पट्टी धरून तिच्यात रकाने पाडलेत: ड्यूटी किती वाजता सुटली, घरी कधी आला, कधी झोपला, कधी उठला, पुढच्या ड्यूटीचा कॉल कधी आला. शेवटचा रकाना कारणाचा. झोप मोडली तर ती कशानं मोडली ते तिथे लिहायचं.

रेल्वे आपली नोंद ठेवतेच. गाडीवरून उतरल्याची वेळ लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरांच्या हजेरीच्या ऑफिसात, लागते, तिथून सोळा तास मोजतात आणि ते भरले की पुढची ड्यूटी लावतात. पण आईचा त्यावर भरवसा नाही. "त्याइले काय माईत, हा झोपला का नुसता पडून होता," असं तिचं म्हणणं.

मी अकोल्याच्या एका शाळेत शिकवते. बडनेऱ्याहून रोज अपडाउन. पहाटे पाचला उठते, संध्याकाळी सातला घरात पाय टाकते, आणि मग तपासायचे पेपर असतातच. माझे तास कुणी मोजत नाही. एकदा मीच मोजून आईला सांगितले, तर ती म्हणाली, "मंग सुटी टाक ना एक." भावाला मात्र कुणी सुटी टाक म्हणत नाही. त्याच्यासाठी घर बंद होतं. बेलचं बटण बंद, कुकर नाही, टीव्ही मुका, आणि मिक्सर तर नावच नको. चटणी वाटायची असली की मी शेंगदाणे, मिरच्या डब्यात घेऊन शेजारी जायचं. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, डबा घेऊन लोकांच्या स्वयंपाकघरात उभी. शेजारीण हसून विचारते, "साहेब झोपले काय?" साहेब झोपलेले असतात.

मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्या नोकरीचा नाही, ती मी चार दिवस करू शकणार नाही. त्याच्या दमण्याचा. त्याचं दमणं नियमात बसतं, त्याला वेळ आहे, सही आहे, वही आहे. माझं दमणं म्हणजे कुरकुर.

त्या रविवारी तो पहाटे तीनला झोपला. ड्यूटी दोनला सुटली होती, म्हणजे सोळा तास संध्याकाळी सहाला भरणार होते. मला आठवड्यातली ती एकच सकाळ. आईने सहाला उठवलं. हळू आवाजात म्हणाली, "मी विहारात वंदनेले जाऊन येतो. चटणी तेवढी शेजारून वाटून आन."

"काहून? आज मले झोपू दे ना."

"तुह्या वर्गात तुहा डोळा लागला त पोट्टे हासतीन. त्याचा लागला त कोन हासन?"

ती गेली. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. डबा हातात घेतला, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आमचा मिक्सर भावाच्या खोलीच्या भिंतीला लागूनच आहे. मी चटणी वाटली. एकदा वाटून झाल्यावर झाकण काढून पाहिलं, बारीक झाली होती, तरी पुन्हा फिरवली. खोलीत खाट करकरली तेव्हा मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं.

एकदा उठला की त्याला पुन्हा झोप लागत नाही, हे मला ठाऊक होतं. तो बाहेर आला, पाणी प्यायला आणि परत खोलीत गेला. दिवसभर नुसता कूस बदलत पडला होता. दुपारी चारला, नेहमीप्रमाणे दोन तास आधी, कॉल आला, आणि तो डबा घेऊन गेला.

सोमवारी परीक्षेमुळे मला शाळेत लवकर पोचायचं होतं, म्हणून मी त्याच संध्याकाळी अकोल्याला मैत्रिणीकडे मुक्कामाला निघाले. प्लॅटफॉर्मवर पॅसेंजर लागली होती. पुढे चालत गेले तर इंजिनाच्या खिडकीत माझा भाऊ.

मी खाली उभी राहून विचारलं, "झोप झाली काय रे?"

"कागदावर झाली," तो म्हणाला. "जाय, बस. टाइम झाला."

ड्यूटीवर चढताना पुरेशी विश्रांती झाली आहे अशी सही द्यावी लागते. ती त्याने दिली होती.

टाकळी, कुरूम, माना. एरवी मी मूर्तिजापूरपर्यंत पेपर तपासते. त्या दिवशी गठ्ठा पिशवीतून काढलाच नाही. प्रत्येक स्टेशनावर ब्रेक लागेपर्यंत दोन्ही हातांनी सीट धरून बसले. डब्यात एक बाई लेकराला मांडीवर झोपवत होती. समोर दोन म्हातारे हरभऱ्याच्या भावावर बोलत होते. साडेतीन तास झोपलेल्या माणसाच्या हाती आपण आहोत हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. त्याच्यासोबत असिस्टंट आहे, सिग्नल दोघं मोठ्यानं बोलून दाखवतात, असं मी स्वतःला समजावत होते. अकोला आलं तेव्हा माझे हात आखडले होते.

दोन दिवसांनी तो घरी जेवताना सापडला. आई अंगणात होती. मी म्हटलं, "रविवारी मिक्सर मी लावला. मुद्दाम."

"मले माईत हाये."

"मंग लॉबीत काहून नाही सांगितलं, झोप नाही झाली म्हणून? दुसऱ्याले गाडीवर लावलं असतं त्याइनं."

तो भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "कारण लिवा लागते, ताई. काय लिवू? बहीन?"

मला चिडायचं होतं. तुझ्या अशा चांगुलपणापायी गाडीभर माणसं मेली असती, असं म्हणायचं होतं. म्हटलंही. तो "हो" म्हणाला आणि हात धुवायला उठला. पुढच्या वेळी मात्र खरं सांगीन, असं त्याने मोरीतून सांगितलं. त्यावरही मी भांडू शकले नाही. वहीचं सोडाच, आता चांगुलपणातही तो माझ्या पुढे होता.

संध्याकाळी आईची वही काढली. रविवारच्या ओळीत झोपला तीन, उठला साडेसहा, आणि कारणाच्या रकान्यात आईच्या अक्षरात एकच शब्द: मिक्सर. विहारातून आल्यावर तिने उठल्याची वेळ त्याला विचारली असणार, आणि मोरीतलं मिक्सरचं भांडं पाहिलं असणार. मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मी पेन घेतलं आणि त्या शब्दापुढे लिहिलं, "ताईनं लावला." दुसऱ्या दिवशी आईने ते वाचलं, वही मिटली आणि चटणीचा डबा माझ्या हातात दिला. मी शेजारी गेले. त्या दोनशे पानांत माझी नोंद तेवढीच आहे.