मागच्या भिंतीवरचे ओरखडे

पावसाळ्यात दरड आली, तेव्हापासून आमच्या मागच्या भिंतीला म्हशीएवढा एक धोंडा टेकून बसला आहे. आज चांगलं ऊन पडलं, म्हणून शेजारच्या शेवंताकाकू त्याच्यावर सांडगे घालत होत्या. त्यांच्या घराचं आता नुसतं जोतं उरलंय. माणसं त्या दिवशी लग्नाला गेली होती म्हणून वाचली. सध्या आमच्याच पडवीत राहतात.

"घर नेलंन मेल्यानं," धोंड्यावर थाप मारत काकू म्हणाल्या, "आता सांडगे तरी वाळव म्हणावं!"

मी हसलो खरा, पण नजर भिंतीकडे गेली. जांभ्याची ही जाड भिंत बघायला अजून माणसं येतात. "भिंत म्हणावी तर अशी!" म्हणतात. वडिलांनी बांधलेली, त्यामुळे आधी मलाही अभिमान वाटायचा. मग एकदा तिच्यावरचा चिखल धुतला आणि खालचे ओरखडे दिसले. सगळे तिरके, सगळे काकूंच्या जोत्याकडे गेलेले. आमच्या भिंतीनं एक धोंडा अडवला होता आणि बाकीचे धोंडे शेजारच्या घरावर वळवले होते.

भिंतीला काय दोष द्यायचा? उभं राहणं एवढंच तिला ठाऊक. पण त्या दिवसापासून कुणी तिचं कौतुक केलं, की मी चहाचं विचारायला आत जातो.

सांडगे घालून झाल्यावर काकूंनी उठताना आधाराला भिंतीवर हात टेकला, नेमका त्या ओरखड्यांवर.

"भक्कम हो तुमची भिंत," त्या म्हणाल्या. "ही राहिली, म्हणून आम्हाला आसरा झाला."