एक रुपयाचा इसार

माझा आवाज मोठा आहे. विमा कार्यालयात दावे तपासायचं काम, एकच गोष्ट समोरच्याला तीन-तीनदा सांगावी लागते, म्हणून तो मोठा झाला असं मी लोकांना सांगतो. खरं सांगायचं तर राग नाकावर असतो. बायको म्हणते, तुम्ही नुसती वेळ विचारली तरी माणूस माफी मागून मोकळा होतो. मी हसायचो. अव्वाचं पासबुक हातात आलं त्या रविवारपर्यंत मला ती थट्टाच वाटत होती.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कन्नड. लग्न होऊन सोलापुरात आली आणि माझ्या वडिलांच्या ज्वारीच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलता बोलता मराठी शिकली. मराठी वाचते, पण लिहायला लागली की हात अडखळतो. मनापासून वाचायला मात्र तिला कन्नडच लागतं. एक कन्नड साप्ताहिक ती लग्नाच्या आधीपासून वाचत आली आहे. नव्या पेठेतला पेपरवाला तिच्यासाठी एक अंक बाजूला काढून ठेवायचा. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं तो मागवणं बंद केलं, एका अंकासाठी पार्सल परवडत नाही म्हणाला. त्यात चाललेली कादंबरी अर्ध्यावर राहिली, याचं तिला फार वाईट वाटलं होतं.

वडील गेल्यावर मी तिला आमच्याकडे, जुळे सोलापूरला, चल म्हणून किती वेळा म्हटलं. ती आली नाही. उलट बँकेत जाऊन खातं नीट करून घेतलं, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून फोनवर पैसे भरायला शिकली आणि लाइट बिल, गॅस, दूधवाला सगळं आपलं आपण करू लागली. मला कधी एक रुपया भरायला सांगितला नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि मला, खरं सांगतो, थोडासा रागच होता. मुलगा गावात असताना तिनं सगळं एकटीनं का करावं, असं वाटायचं.

तर ते साप्ताहिक तिनं फोनवर शोधलं. नाव टाकलं, पहिल्याच ओळीत ते आलं. तेच मथळ्याचं अक्षर, तोच लाल पट्टा, वर कन्नडमध्ये लिहिलेलं: एक रुपया भरा आणि वाचायला लागा. पत्त्यात मूळ नावाच्या पुढं एक जादा शब्द चिकटवलेला होता, पण दुकानाच्या पाटीवर नाव दिसल्यावर तिच्या कडेची अक्षरं कोण वाचत बसतो? तिनं एक रुपया भरला आणि पिन टाकला.

यापुढचं समजायला आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. मंगळवेढ्याकडची ज्वारी वडील शेतकऱ्याच्या घरी जाऊन बघायचे. चार दाणे दाताखाली फोडायचे, भाव ठरवायचे आणि त्याच्या हातावर इसार ठेवायचे. म्हणजे हा माल आता आमचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. ओळखीच्या घरी एक रुपयाचा इसारही चालायचा. पुढं काही कारणानं वडील माल उचलायला गेले नाहीत, तर इसार बुडाला, सौदा मोडला, दोघं मोकळे. राहिलेले पैसे मागायला कुणी शेतकरी आमच्या दारात आल्याचं मला आठवत नाही. अव्वा शेवटची दहा-बारा वर्षं तर दिवसभर त्या दुकानात वडिलांच्या बरोबरीनं बसली होती.

तिनं तो रुपया इसारच समजला. माल बघायला मिळणार, पटला तर पुढचे पैसे आपण जाऊन द्यायचे. माल तिनं चार दिवस पाहिला. जुन्या अंकांचे वाकडेतिकडे काढलेले फोटो होते. पाककृतींचं पान अर्धं कापलेलं. कादंबरीतल्या ज्या मुलीचं लग्न तिनं गेल्या वर्षीच वाचलं होतं, ती इथं पुन्हा शाळेत जात होती. अव्वानं ते बंद केलं. रुपया गेला म्हणाली आणि विसरली.

रुपया भरायचं ते पान मी नंतर स्वतः पाहिलं. सगळं कन्नडमध्ये होतं, फक्त तळाशी एक ओळ इंग्रजीत, फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात: सात दिवसांनंतर दरमहा सातशे नव्व्याण्णव रुपये आपोआप कापले जातील. अव्वाला इंग्रजी येत नाही.

त्या रविवारी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा पासबुक टेबलावर होतं. सहज उघडलं. एकाच नावानं, तीन महिने, सातशे नव्व्याण्णव. हे काय म्हणून विचारलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मग हळूहळू रुपयाची हकिगत सांगितली. आणि माझा पारा चढला. काय काय बोललो ते सगळं लिहायची माझी हिंमत नाही. तुला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला, एवढं तरी नक्की बोललो. शेजारची ती मुलगी गच्चीवरून कपडे काढत होती, ती आत निघून गेली, म्हणजे आवाज कुठवर गेला असेल ते कळतं. शेवटी फोन उचलला आणि पैसे भरायचं ॲप काढून टाकू लागलो. इथून पुढं तुझी बिलं मी भरणार, पासबुक माझ्याकडे राहील, असं सांगून टाकलं.

अव्वानं एकच विचारलं, ते काढून टाकलं की पैसे कापायचे थांबतात का. थांबत नव्हते. ॲप काढलं असतं तरी दर महिन्याला कापायची जी परवानगी पिन टाकताना नकळत गेली होती, ती तशीच राहिली असती. दावे तपासणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं. ॲप तसंच ठेवलं, त्यातली ती परवानगी शोधून रद्द केली आणि पासबुक खिशात घालून घरी आलो.

नंतरचा आठवडा त्या संकेतस्थळाशी झुंजण्यात गेला. सभासदत्व रद्द करायचं बटण दाबलं की पुन्हा खात्याची माहिती मागायचं. मी ईमेल पाठवला, तासाभरात इंग्रजीत उत्तर आलं की सभासदाला अटी मान्य होत्या, पैसे परत मिळणार नाहीत. त्यांना मी सहीचे नमुने मागितले, ग्राहक न्यायालयाचं नाव काढलं. तेच उत्तर पुन्हा आलं, स्वल्पविरामासकट. मी हात टेकले.

साप्ताहिकाच्या खऱ्या कचेरीत फोन लावला तो अव्वानं. नंबर तिच्याकडच्या जुन्या अंकात छापलेला होता. दहा मिनिटं ती कन्नडमध्ये बोलत होती, मधे दोनदा हसलीही. तिकडच्या माणसानं सांगितलं की हे संकेतस्थळ त्यांचं नाही, आणखीही वाचक फसलेत. त्यांचा पत्ता अंकाच्या शेवटच्या पानावर असतो, तोच पाहून टाकायचा, शोधून जे वर येतं त्यावर जायचं नाही. त्या पानाचे, त्या फिकट ओळीचे, रुपयाच्या पावतीचे फोटो काढून ठेवा आणि बँकेत लेखी तक्रार द्या. मी आठवडाभर जे ओरडून मिळवू शकलो नाही, ते तिनं दहा मिनिटांत विचारून घेतलं.

सोमवारी रजा टाकून तिला बँकेत नेलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. अव्वाच्या वतीनं मी लिहायचं आणि तिनं सही करायची असं ठरलं. बाकावर बसून मी सुरुवात केली. व्यवहार कोणी केला, या रकान्यापाशी आलो. मी हळूच म्हणालो, तू केलेला नाहीस असं लिहू, पैसे लवकर सुटतील. आणि खाली, वय झाल्यामुळे समजत नाही, असंही लिहितो.

अव्वानं माझ्या हातातलं पेन धरलं.

"मीच केलं की. आनि मला समजतं. मला वाचता येतं त्यात कुटं बी दर महिन्याचं लिवलेलं न्हाय. तेवढं लिही."

मी तेवढं लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं, तर माझ्या खोट्यापेक्षा ते कितीतरी बळकट दिसत होतं. एवढी वर्षं लोकांचे दावे वाचून कुठलं वाक्य टिकतं आणि कुठलं टिकत नाही हे मला कळतं. मला लाज वाटली, पण तेवढ्यावर भागायचं नव्हतं.

शेवटचा रकाना होता: तक्रार करण्यास उशीर झाल्याचं कारण. पहिली रक्कम कापली त्याला तीन महिने होत आले होते. मी लिहू लागलो, माहिती नव्हती.

"म्हाईत होतं," अव्वा म्हणाली. "पैल्याच महिन्यात मेसेज आलता."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण काउंटरवरच्या बाईंनी वर पाहिलं. अव्वा शांत होती.

"तू ओरडशील म्हनून. दुसऱ्या महिन्यात बी तेच. लिही की, पोरगा ओरडतो म्हनून सांगितलं न्हाय."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे, पण ती फॉर्मकडे बघत होती, खरं तेच लिहायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. दोन महिने ही बाई एकटी घरात बसून पैसे जाताना बघत होती. चोराला ती घाबरली नव्हती, मला घाबरली होती. दर रविवारी मी जात होतो, जेवत होतो, तिचा हात माझ्या ताटात वाढत होता आणि तिच्या पोटात हे होतं. माझे डोळे भरून आले. काउंटरवरच्या बाई पाहत होत्या, तरी ते मी पुसले नाहीत.

मी लिहिलं: घरातल्या माणसाच्या रागाच्या भीतीनं कळवलं नाही. माझ्याच अक्षरात लिहिलं. अव्वानं ते वाचलं आणि खाली कन्नडमध्ये सही केली. बाईंनी फॉर्म तपासताना त्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. घरी पोचवताना मी पासबुक तिच्या पिशवीत ठेवलं.

महिन्याभरानं तिसऱ्या महिन्याचे पैसे परत आले. आधीच्या दोन महिन्यांचे आले नाहीत, तक्रार मुदतीनंतर आली असं पत्र होतं. पंधराशे अठ्ठ्याण्णव रुपये. ते चोरांनी घेतले हे खरं, पण परत आले नाहीत ते माझ्यामुळे. मी ते तिला देऊ केले तर तिनं घेतले नाहीत.

खऱ्या साप्ताहिकाची वर्गणी तिनं शेवटच्या पानावरचा पत्ता बघून स्वतः भरली. मी तिथं नव्हतो, मला दोन दिवसांनी कळलं.

गेल्या महिन्यात ऑफिसात असताना तिचा फोन आला. दुपारची वेळ, समोर दावेदार बसलेला. ती म्हणाली, फोनवर कसलं तरी पार्सल अडकलंय असा मेसेज आलाय, पंचवीस रुपये भरा म्हणतात. "मी लिंक उघडली, पन भरलं काय बी न्हाय, आता काय करू?" लिंक उघडलीच कशाला, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले आणि समोरची फाइल मिटली. समोरचा दावेदार माझ्याकडे बघत होता.

पलीकडून अव्वा म्हणाली, "ओरडायचं आसंल तर आत्ताच ओरड. मला सांगायचं हुतं, मी सांगितलं."