हा गोल कुणाचा?

शेवटची मॅच आम्ही शारजात हरलो. रास अल खैमातल्या एका टाइल्स फॅक्टरीची आमची फुटबॉल टीम. खेळणारे सगळे तिथलेच कामगार, कुणी भट्टीवरचे, कुणी पॅकिंगमधले. फॅक्टऱ्यांच्या स्पर्धेत त्या वर्षी आम्ही पार तळाला गेलो होतो. टीमला कोऑर्डिनेटर दोन होते. आघाडीची फळी बघायचा रत्नागिरीकडचा एक मुसलमान गडी, मागची फळी माझ्याकडे. मी कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीच्या टीमकडून खेळलेला. त्याच जोरावर ही नोकरी लागली होती. व्हिसावर आम्ही दोघंही क्लार्क होतो, पण आणलंय फुटबॉलसाठी हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला. मुदीरनं, म्हणजे आमच्या अरब जनरल मॅनेजरनं, दोघांना गुरुवारी केबिनमध्ये बोलावलं होतं. निरोप आणणारा पर्सोनेलचा केरळी बाबू दार लोटून घेत म्हणाला, "रिव्ह्यू है. दोनों में से एक रहेगा."

घरी सांगितलं तेव्हा बायको कणीक मळत होती. गावाकडची शाळेतली नोकरी सोडून ती मुलीला घेऊन त्याच वर्षी आली होती. मळता मळता तिचे हात थांबले. "मग आता? परत जाऊन मला ती जागा मिळणार आहे का?" इथल्या इंग्रजी शाळेत जायला लागलेली मुलगी दारातून ऐकत होती. "बाबा, आर वी गोइंग बॅक?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही गं, कोण म्हणालं?" आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. फाइल उघडली की मैदान दिसायचं, कोण कुठं उभा होता, मी कुणाला पुढं जायला सांगितलं होतं. बुधवारी चहाच्या वेळी तो रत्नागिरीवाला माझ्या टेबलाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय बोलायचा रे आपण उद्या?"

"जे झालं ते सांगायचं."

"तुझा ठीक आहे, तू शिकलेला. माझे गुडघे गेले. आता मला बोटीवर पण कोण घेणार नाय. गावात आईला सांगू काय, हरलो म्हणून आलो?"

मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

गुरुवारी केबिनमध्ये टीव्ही आणि व्हीसीआर मांडून ठेवलेला. शारजाच्या मॅचची कॅसेट कुणीतरी काढली होती. मुदीरनं रिमोट उचलला, पहिला गोल लावला आणि चित्र थांबवलं.

"ये गोल किसका?"

"हमारा, सर," आम्ही दोघंही म्हणालो.

"हमारा नहीं. एक आदमी बोलो."

पहिला माझा होता. बॅक आणि गोलकीपर दोघं एकाच बॉलवर धावले, मधली जागा मोकळी पडली. मी "मेरा" म्हटलं. दुसरा कॉर्नरवरून गेलेला, तोही माझाच. तिसऱ्या गोलला मागची फळी उघडी पडलेली दिसत होती, आणि मुदीरनं काही न विचारता माझ्याकडे बोट केलं. पण बॉल हातचा गेला होता तो पुढं, आघाडीच्या फळीकडून. आमची सगळी टीम समोरच्यांच्या अंगणात धावत गेली होती, आणि त्यांना धाडलं होतं माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो गालिच्याकडे बघत होता. मला मुलीचा तो प्रश्न आठवला.

"सर, थोडा पीछे लीजिए," मी म्हटलं.

मुदीरनं कॅसेट मागं घेतली. आता सगळं स्पष्ट दिसलं.

"मेरा," रत्नागिरीवाला म्हणाला.

शेवटचा गोल कुणाचाच नव्हता. सरळ आलेला बॉल वाळूत टप्पा खाऊन भलतीकडे उडाला आणि कीपरच्या हातावरून आत गेला. मी म्हटलं, "ये तो रेती का, सर."

मुदीरनं टीव्ही बंद केला. "रेती को मैं पगार नहीं देता. खलास, जाओ."

बाहेर पॅसेजमध्ये तो म्हणाला, "बरा केलास. मला तोंड उघडत नव्हता." आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला कॅन्टीनपर्यंत धरून नेलं मी.

मग नुसती वाट पाहणं. उन्हाळा चढत गेला. फोन वाजला की आम्ही दोघंही दचकायचो, एकमेकांकडे बघायचो. बायकोनं नवी भांडी खोक्यातच ठेवली होती, काढावीत का असं विचारणंही तिनं सोडून दिलं. अखेर केरळी बाबूनं बोलावलं ते मला. नोकरी संपल्याचा कागद पुढं सरकवत म्हणाला, "तेरे काम का कुछ नहीं. तेरे पास फॅमिली फ्लॅट है, वो लेबर कॅम्प में रहता है. नये इंजिनियर को फ्लॅट चाहिए."

"और वो कॅसेट?"

"कौन सा कॅसेट?" त्यानं विचारलं. खरोखरच त्याला माहीत नव्हतं.

दुबईच्या देऱ्यातल्या एका कार्गोवाल्यानं मला घ्यायची तयारी दाखवली. पण जुन्या मालकानं सही करून सोडल्याशिवाय व्हिसा बदलणार नव्हता. सही नसेल तर तिघांनी देश सोडायचा. मुदीर भेटेना. सेक्रेटरी रोज "बुकरा, बुकरा" म्हणायचा, उद्या या. शेवटी एका संध्याकाळी मी मैदानावर गेलो. नव्या पोरांची प्रॅक्टिस चालली होती आणि मुदीर खुर्ची टाकून बसला होता. मी कागद पुढं केला. त्यानं तो घेतला नाही.

"वो लेफ्ट बॅक कैसा है?"

मी उभ्या उभ्या पाहिलं. त्याला आवडेल तेच बोलायची तयारी होती माझी, पण काय आवडेल तेच कळेना. "तेज है, सर. लेकिन पीछे देखता नहीं," मी म्हटलं. हात जोडले. "सर, प्लीज. बच्ची का स्कूल है."

खेळावरची नजर न काढता त्यानं हात पुढं करून कागद घेतला. मग मांडीवर कागद ठेवून त्यानं सही केली.

देऱ्यातली भाडी झेपणारी नव्हती, म्हणून जागा शारजात घेतली. सामान तिकडं न्यायला पिकअप घेऊन आला तो रत्नागिरीवालाच. तिथली लिफ्ट बंद होती. तसल्या गुडघ्यांनी त्यानं माझ्याबरोबर कपाट वर चढवलं, पाणी प्यायला, आणि बायकोनं "भाऊ, जेवून जा" म्हटल्यावर डोळे पुसत खाली उतरून गेला. पुढच्या सीझननंतर त्यालाही काढलं, असं मला देऱ्यात त्याच्या गाववाल्याकडून कळलं.

शारजाचा फ्लॅट पुण्याच्या एका कुटुंबाबरोबर वाटून घेतलेला. एक खोली आमची, किचन दोघांचं. पहिल्या सकाळी मुलगी फ्रिज उघडून उभी होती.

"आई, व्हिच शेल्फ इज अवर्स?"

"खालचा," बायको म्हणाली. "आणि दार लवकर लाव, त्यांचं दूध आहे त्यात."