दारातलं घोंगडं

"कोंडे, आमचं घोंगडं दारात कुणी टाकलं गं?"

"मदतनीसबाईनं, आक्का. तिला काय ठावं…"

"तिला न्हाय. तुला तर व्हतं की!" शांताक्का कडाडली.

कोंडाबाई उंबऱ्यातल्या घोंगड्याकडं बघायला लागली. उमरग्याकडच्या आमच्या गावातली ही अंगणवाडीची सेविका. गावचीच लेक, धनगराची. इतर वेळी तोंडाला लई तिखट.

झालं असं, की आदल्या दिवशी अंगणवाडी बघायला मोठ्या बाई येणार होत्या. 'आपली संस्कृती' मांडायची म्हणून कोंडाबाईनं पोरांना घरातली एकेक जुनी वस्तू आणायला लावली. कुणी अडकित्ता आणला, कुणी देवीची परडी. शांताक्काची नात करिश्मा डोक्यावर घोंगडं घेऊन आली. खालून नुसते पाय दिसत होते. खोलीभर मेंढराचा वास सुटला. परडी टेबलावर गेली, घोंगडं दारामागं. तिथून मदतनीसबाईनं ते उचललं आणि पायपुसणं म्हणून उंबऱ्यात टाकलं.

मोठ्या बाईंनी त्याला चपला घासल्या. कोंडाबाईनं बघितलं. धनगराचा देव बिरोबा, त्याच्या म्होरं घोंगडं अंथरतात, त्यावर भंडारा पडतो, त्याला हात लावून माणूस खोटं बोलत न्हाय. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण आपण बी त्याच मेंढराच्या वासातल्या, हे बाईंना कळंल म्हणून तिनं तोंड उघडलं न्हाय. करिश्मानं एकदा तिच्याकडं बघितलं. मग आपले बी पाय पुसले.

"आज सकाळी पोरगी घरी देवाम्होरच्या दुसऱ्या घोंगड्याला पाय पुसाया लागली," शांताक्का म्हणाली. "पाठीत धपाटा घातला. तर म्हणती, अंगणवाडीत आसंच करत्यात. आपल्या कोंडाबाई बघत व्हत्या."

कोंडाबाईचं तोंड काळं पडलं. घोंगडं उचलून तिनं झटकलं, खोलीच्या मधोमध अंथरलं, पोरांना भवती बसवलं.

"ह्येच्यावर देव बसतो. माझ्या बापाच्या खांद्यावर बी आसंच व्हतं. काल म्या बघितलं आन् गप बसले. माझं चुकलं."

पोरं टकामका बघत राहिली. एक म्हणालं, "मग बाई, पाय कशाला पुसायचे?"

"पोत्याला, मुडद्या!" शांताक्काच ओरडली. घोंगडं घडी करून तिनं खांद्यावर टाकलं. "पोरगी धाडीन उद्या. घोंगडं न्हाय धाडणार."

कोंडाबाई हात जोडून काही बोलणार, तोवर ती रस्त्याला लागली होती.

आत खिचडी बुडाला लागल्याचा वास आला. कोंडाबाईनं पदर खोचला, पळीनं खिचडी वरवर ढवळली, करपलेलं तळाला ठेवलं आणि पोरांना ताटल्या घेऊन बसायला सांगितलं.