नवा टाइप खाली टाका

"मॅडमजी, ये पंप तो दरवाज़े की बोल रिया है. और इसमें तो दरवाज़ा है ही नी."

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मालवीयजींनी टेस्टिंगच्या टेबलावरून हाक मारली. मालवीयजी आमचे इन्स्टॉलेशनवाले. हॉस्पिटलात मशिनं बसवून देणं हे त्यांचं काम. त्याच दिवशी चार वाजता एका हॉस्पिटलच्या आयसीयूत आमचे नऊ नवे पंप बसायचे होते. तीन पंप नर्सेसच्या ट्रेनिंगसाठी गुरुवारीच तिथे पोचले होते.

आमची कंपनी इंदूरच्या भंवरकुआं भागात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आहे. पेशंटला सलाइनमधून ठरलेल्या वेगानं औषध देणारे जे छोटे पंप असतात, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. पंप खाटेशेजारी असतो आणि नर्सच्या टेबलावर एक स्क्रीन असतो, त्याला आम्ही स्टेशन म्हणतो. बॅटरी उतरली, औषध संपलं, नळीत हवेचा बुडबुडा आला, की पंप स्टेशनला मेसेज पाठवतो.

मालवीयजींनी सिरिंजनं नळीत मुद्दाम बुडबुडा सोडला होता. पंपानं तो पकडला, मेसेज पाठवला, आणि स्टेशनवर पिवळी पट्टी आली: दार उघडं आहे. आवाज काही नाही. जुन्या पंपांना पुढे एक दार असायचं, ते सैल व्हायचं आणि ही पट्टी दिवसातून दहादा यायची. नर्सेसनी तिच्याकडे बघणं कधीच सोडलं होतं. नव्या पंपाला दारच नाही.

म्हणजे पेशंटच्या नळीत हवा शिरली असती आणि स्क्रीनवर कोणी न बघणारी पट्टी आली असती. सॉफ्टवेअरच्या या नव्या आवृत्तीवर, म्हणजे रिलीजवर, सही माझी होती.

"आपण स्टेशन कोणतं लावलंय?" मी विचारलं.

"पुराना वाला. अस्पताल में भी तो यही है, मैंने सोचा इसी पे देख लूँ."

आम्ही आठवडाभर नवा पंप नव्या स्टेशनला जोडून तपासत होतो आणि सगळं झकास चाललं होतं. हॉस्पिटलात स्टेशन मात्र जुनंच राहणार होतं. एवढं साधं मालवीयजींना सुचलं, मला नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. आमचा प्रोग्राम सी प्लस प्लस या भाषेत आहे. प्रत्येक प्रकारच्या मेसेजला तिथे एक टाइप असतो: बॅटरीचा एक, औषध संपल्याचा एक, असे. या सगळ्या टाइपांची एक यादी केलेली असते, तिला टाइपलिस्ट म्हणतात. यादीत माहिती काही नसते, नुसती प्रकारांची नावं. यादीत जो टाइप पाचवा, त्याचा मेसेज नंबर पाच. हा नंबर आम्ही कुठे लिहीत नाही, कंपाइलर काढतो. कंपाइलर म्हणजे आपण लिहिलेल्याचा चालणारा प्रोग्राम बनवणारा प्रोग्राम. त्याच्यासाठी आम्ही टेम्प्लेट, म्हणजे साचे, लिहून ठेवतो. साचा यादीतला पहिला टाइप बघतो, हवा तो नसेल तर उरलेली यादी पुन्हा त्याच साच्याला देतो, यादी संपेपर्यंत. हे सगळं प्रोग्राम तयार होतानाच उरकतं. पंपात जातो तो नुसता नंबर.

यात एकच पथ्य पाळायचं असतं. नवा टाइप कायम यादीच्या तळाला टाकायचा. मग त्याला नवा नंबर मिळतो. जुन्या स्टेशनला तो नंबर माहीत नसला की ते 'अनोळखी मेसेज, पंप तपासा' असं दाखवतं आणि कान किटेपर्यंत ओरडतं. आम्हाला तेच हवं असतं. कधीकाळी वापरलेला नंबर मात्र दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. बुडबुडा ओळखणं नव्या पंपातच आलं होतं आणि त्याच्या मेसेजला पाच नंबर मिळाला होता. पूर्वी पाच नंबरला दार होतं. नव्या स्टेशनला ही नवी यादी माहीत होती, जुन्याला जुनीच.

"मालवीयजी, पॅकिंग थांबवा," मी म्हटलं आणि पहिला फोन हॉस्पिटलात लावला. ते तीन पंप कोणाला लावलेत का, हे आधी कळायला हवं होतं. इनचार्ज सिस्टर फोनवर यायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात माझे सगळे देव आठवून झाले.

"वो तीनों तो अलमारी में रखे हैं, मैडम," सिस्टर म्हणाल्या. आवाजात चांगलाच राग होता. "आपने बड़ा वाला प्लग भेजा है, हमारे बोर्ड में लगता ही नहीं. दो दिन से शिकायत कर रही हूँ, कोई सुनता नहीं."

मी त्यांची मनापासून माफी मागितली आणि पंप कपाटातच राहू द्या म्हटलं. फोन ठेवल्यावर स्टुलावर बसले आणि सरळ रडले. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. मालवीयजींनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

मग गेले तांबेजींकडे. तांबेजी माझ्या टीममध्ये, पण वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्यांचे पणजोबा संस्थानच्या काळात कारकून म्हणून इंदूरला आले. चार पिढ्या इथे काढूनही घरात मराठी टिकवली याचा त्यांना अभिमान. मी कोल्हापूरची, इंदुरात दोनच वर्षं झालेली. बुडबुड्याचा टाइप त्यांनीच यादीत टाकला होता.

"तांबेजी, तुम्ही नवा टाइप पाचव्या जागेवर टाकलात?"

"हो. तुम्हीच तर सांगितलं होतं."

"मी? मी कधी सांगितलं?"

त्यांनी शांतपणे मोबाइल काढून माझाच मेसेज दाखवला. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला: नवा टाइप खाली टाका.

"बरोबर आहे की! खाली टाका."

"मग खालीमध्येच टाकला ना मी!" त्यांनी स्क्रीनवर जुनी यादी उघडली. पाचव्या जागी, दाराचा टाइप काढून टाकल्यावर जागा धरून ठेवायला, एक रिकामा टाइप होता. त्याचं नाव होतं 'खाली', हिंदीतलं, म्हणजे रिकामा.

"तांबेजी, खाली म्हणजे तळाला हो! शेवटी!"

"तळाला पाहिजे होतं तर नीचे लिहायचं ना, मॅडम. आमच्या घरी डबा खाली होतो. मांजर नीचे बसते."

"मांजर खाली बसते!"

"मांजर खाली कशी होईल?" ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते.

हसू येत होतं आणि चीडही. मी ती त्या रिकाम्या टाइपाचं बारसं करणाऱ्यावर काढायचं ठरवलं. "हे असलं नाव ठेवलं कोणी?"

कोणत्या ओळीला कोणी हात लावला याची नोंद आमच्याकडे असते. तांबेजींनी ती उघडली आणि खुर्ची जरा बाजूला सरकवली, मला नीट दिसावं म्हणून. नाव माझंच होतं. इंदूरला आल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यातलं. इथल्यासारखं बोलता येतं हे दाखवायची हौस! शिवाय तांबेजींचा हा बदल तपासून 'ठीक आहे' मीच म्हटलं होतं, मावसबहिणीच्या लग्नात, पंगतीत बसून, फोनवर.

"माफ करा तांबेजी. चूक माझी आहे."

"चूक कोणाची का असेना," ते म्हणाले, पण चेहरा सैल पडला. "मला वाटलं, माझी मराठी काढताय तुम्ही."

साहेबांना सांगायचं राहिलं होतं. शुक्लाजींनी ऐकून घेतलं आणि घड्याळ बघितलं.

"मैडम, चार बजे का बोला हुआ है मैंने."

"सर, बुडबुडा आला तर नर्सला कळणार नाही," मी हिंदीत सांगितलं.

त्यांनी पुढे एक अक्षर न विचारता हॉस्पिटलला फोन करून सोमवार घेतला. या माणसाबद्दल मी एरवी बरंच बोलत असते, म्हणून हेही लिहून ठेवते.

चूक दुरुस्त करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. तांबेजी अडून बसले. "आणि पुढच्या वेळी? तेव्हा कोण पाहील?" मग आम्ही दोघांनी मिळून एक नवा साचा लिहिला. मागच्या रिलीजची यादी तशीच जपून ठेवायची आणि नवी यादी तिच्या शेजारी धरायची. दोन्हींतले पहिले टाइप एकच आहेत का? असतील तर दोन्हींची उरलेली यादी पुन्हा त्याच साच्याला. जुनी यादी संपेपर्यंत सगळं जुळलं तर पास. मधेच कुठे बिनसलं तर कंपाइलर प्रोग्राम बनवायलाच नकार देतो आणि आपण लिहिलेलं वाक्य दाखवतो. आधी मुद्दाम चुकीची यादी दिली. नकार आला. मग बुडबुडा तळाला नेला, तेव्हा प्रोग्राम बनला. मालवीयजींनी पुन्हा सिरिंज दाबली आणि जुनं स्टेशन असं काही केकाटलं की जिन्यातून कोचिंगची पोरं डोकावून गेली. मला तो आवाज बंदच करावासा वाटत नव्हता.

सोमवारी बाराही पंप बसले, छोट्या प्लगसकट. रिकाम्या टाइपाचं नाव बदललं. नकाराचं वाक्य तांबेजींनी लिहिलं: 'नवा टाइप लिस्टच्या शेवटी. वर नाही, मध्ये नाही, रिकाम्या जागेत नाही.'

या साच्यात पहिली सापडले ती मी. दोन महिन्यांनी यादी जरा नीट दिसावी म्हणून मी एक टाइप वर सरकवला आणि प्रोग्राम बनणं थांबलं. तांबेजी मागेच उभे होते. त्यांनी वाक्य वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि चहाला निघून गेले. त्या दिवसापासून यादीबद्दल मी कोणाला मेसेज करत नाही. जे सांगायचं ते कंपाइलरला सांगते. त्याला ना मराठी येते, ना हिंदी, आणि मी टीम लीड आहे हेही त्याला माहीत नाही.